प्रसारणाचा खर्च कोणी सोसायचा?

(चेन्नईतील अण्णा नगर येथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी भाषक विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



अण्णा नगरच्या या परिसरात स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासवर्गांची दाटी आहे. आपल्यापैकी अनेक जण आकाशवाणीची बातमीपत्रे आणि चर्चा अभ्यासाचे साधन म्हणून ऐकत असतील. त्यासाठी आपल्याला काहीही मोजावे लागत नाही. मग तो खर्च कोण करतो? आणि उद्या तो करण्यास कोणीच तयार झाले नाही, तर काय होईल? प्रश्न सार्वजनिक वित्तव्यवहाराचा आहे, आणि त्याचे पहिले धडे याच शहराने शंभर वर्षांपूर्वी गिरवले आहेत.

मद्रास आणि मुंबईचा अनुभव

सी. व्ही. कृष्णस्वामी चेट्टी यांच्या पुढाकाराने १६ मे १९२४ रोजी मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लबची स्थापना झाली आणि त्याच वर्षी ३१ जुलैला प्रसारण सुरू झाले. हौशी सभासदांच्या बळावर उभा राहिलेला हा उपक्रम आर्थिक अडचणींमुळे ऑक्टोबर १९२७ मध्ये थांबला. क्लबने आपला प्रक्षेपक मद्रास महापालिकेच्या स्वाधीन केला. महापालिकेने १ एप्रिल १९३० पासून नियमित प्रसारण सुरू केले, शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम दिले आणि ज्यांच्या घरी रेडिओ संच नव्हता अशा नागरिकांसाठी मरीना किनाऱ्यासारख्या सार्वजनिक जागी ध्वनिवर्धक लावले. १६ जून १९३८ रोजी ऑल इंडिया रेडिओचे मद्रास केंद्र सुरू होईपर्यंत ही सेवा चालली. सभासदांच्या वर्गणीवर जे तीन वर्षे टिकले, ते करदात्यांच्या पैशावर आठ वर्षे टिकले, हे लक्षात घ्यावे.

मुंबईतही असेच घडले. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने २३ जुलै १९२७ रोजी तेथे केंद्र सुरू केले. तिचे अधिकृत भांडवल १५ लाख रुपये होते. प्रत्यक्षात ६ लाखच उभे राहिले. श्रोत्यांकडून वर्षाला १० रुपये परवाना शुल्क घेतले जाई. परंतु परवानाधारकांची संख्या कंपनीच्या अखेरपर्यंत काही हजारांपलीकडे गेली नाही. विनापरवाना ऐकणारे अनेक होते. मार्च १९३० मध्ये कंपनी अवसायनात गेली आणि सरकारने सेवा ताब्यात घेतली. जागतिक मंदीच्या काळात, १० ऑक्टोबर १९३१ रोजी, सरकारनेच ती बंद करण्याचा निर्णय घेतला. लोकांनी तीव्र विरोध केला, तेव्हा २३ नोव्हेंबरला तो मागे घ्यावा लागला. त्यानंतर रेडिओ संचांवरील आयात शुल्क २५ टक्क्यांवरून ५० टक्के करण्यात आले आणि खर्चाची सोय झाली. सरकारी अनुदान तोडण्याचा धोका आजचा नाही. तो आपल्या देशातील प्रसारणाइतकाच जुना आहे.

बाजार का अपुरा पडतो?

मरीना किनाऱ्यावरील दीपगृहाचा विचार करा. त्याचा प्रकाश एका जहाजाने पाहिला म्हणून दुसऱ्याच्या वाट्याला कमी येत नाही आणि पैसे न देणाऱ्यालाही तो नाकारता येत नाही. अशा वस्तूला अर्थशास्त्रात सार्वजनिक वस्तू म्हणतात. पॉल सॅम्युएल्सन यांनी १९५४ मध्ये या संकल्पनेची काटेकोर मांडणी केली. खुले रेडिओ प्रसारण हे तिचे उत्तम उदाहरण होय. लाभ सर्वांना, पण पैसे देण्याची निकड कोणालाच नाही.

यावर आक्षेपही आहे. रोनाल्ड कोस यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले की ब्रिटनमधील अनेक दीपगृहे खासगी होती आणि जहाजांकडून बंदरात शुल्क घेऊन चालत. हा मुद्दा मोलाचा आहे. मात्र ते शुल्क वसूल करण्यामागे राज्यसंस्थेने दिलेला अधिकार होता, हे विसरता येत नाही. प्रसारणात बाजाराने जाहिरातीचा मार्ग शोधला. तो यशस्वीही ठरला. पण जाहिरातीवर चालणाऱ्या वाहिनीचा खरा ग्राहक जाहिरातदार असतो. श्रोता हा तेथे विकला जाणारा माल ठरतो. साहजिकच ज्याची क्रयशक्ती कमी, त्याच्या भाषेसाठी, पिकासाठी किंवा मासेमारीच्या हवामानासाठी वेळ देणे परवडत नाही. लोकसेवा प्रसारणाची गरज येथे निर्माण होते.

या सेवेचे मोल किती, हे महाराष्ट्रात पूर्वीच आजमावले गेले आहे. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने तत्कालीन मुंबई राज्यातील पाच जिल्ह्यांत सुमारे १५० गावांत श्रोता मंडळांचा प्रयोग केला. गावकरी आठवड्यातून दोनदा एकत्र कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि शंका केंद्राकडे पाठवीत. पॉल न्यूरॅथ यांच्या पाहणीत या गावांतील ज्ञानात ठळक वाढ आढळली. या कार्यक्रमांना प्रायोजक मिळाला असता असे मला वाटत नाही.

दुसरे उदाहरण या शहराचे. डिसेंबर २०१५ च्या पुरात चेन्नईच्या अनेक भागांत वीज गेली, दूरध्वनी बंद पडले, विमानतळ बंद करावा लागला. १८७८ पासून निघणारे 'द हिंदू' हे दैनिक २ डिसेंबरला चेन्नईत छापता आले नाही. अशा वेळी प्रक्षेपण केंद्र सुरू असेल, तर बॅटरीवरच्या लहानशा रेडिओला ना वीज लागते ना इंटरनेट. संकटासाठी राखलेली ही क्षमता एरवी वायफळ खर्च वाटते. विम्याचा हप्ताही तसाच वाटतो.

प्रसार भारतीची कोंडी

सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालात हवाई लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे स्पष्ट केले. प्रसार भारती कायदा १९९० चा. त्यानुसार महामंडळ २३ नोव्हेंबर १९९७ रोजी अस्तित्वात आले. कायद्याच्या कलम १२ नुसार जनतेला माहिती, शिक्षण व मनोरंजन देणारी लोकसेवा प्रसारण व्यवस्था चालवणे हे त्याचे प्राथमिक कर्तव्य आहे. परंतु रेडिओ-दूरचित्रवाणीचे परवाना शुल्क त्याआधीच, १९८० च्या दशकात रद्द झाले होते. स्वायत्तता आली तेव्हा स्वतंत्र उत्पन्नाचा आधार उरला नव्हता. वेतनाचा मोठा भाग आजही केंद्राच्या अनुदानातून भागतो.

भांडवली खर्चाची तरतूद झालेली आहे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने पायाभूत सुविधांसाठी २०२५-२६ पर्यंत २,५३९.६१ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. डीडी फ्री डिशवरील जागांच्या लिलावातून महामंडळ स्वतःही उत्पन्न मिळवते. मात्र प्रक्षेपक नवा आणि बातमी लिहिणारा माणूस नाही, अशी स्थिती आली तर सेवा थांबते. भांडवली आणि महसुली खर्चातील हा फरक उत्तरपत्रिकेत अवश्य मांडावा.

जून २०२३ मध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून तेथील बातमीपत्रे छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा निर्णय झाला. पुण्याची सकाळची बातमीपत्रे हा महाराष्ट्रातील कित्येक घरांचा नित्यक्रम आहे. श्रोत्यांनी आणि लोकप्रतिनिधींनी विरोध केल्यावर निर्णयाला स्थगिती मिळाली. १९३१ आणि २०२३, दोन्ही वेळा सेवा वाचली ती लोकांनी आवाज उठवला म्हणून. पण दरवेळी लोकांनी आवाज उठवण्यावर विसंबणे हे सुदृढ वित्तव्यवस्थेचे लक्षण नव्हे.

जगाचा धडा

ग्रीसने ११ जून २०१३ रोजी खर्चकपातीसाठी आपली सार्वजनिक वाहिनी बंद केली. बरोबर दोन वर्षांनी ती पुन्हा सुरू करावी लागली. ब्रिटनमध्ये बीबीसीचे परवाना शुल्क २०२२ पासून दोन वर्षे १५९ पौंडांवर गोठवण्यात आले. महागाईच्या काळात ही प्रत्यक्षात कपातच होती. अमेरिकेत सार्वजनिक प्रसारण महामंडळाला दोन वर्षे आधी निधी मंजूर करण्याची प्रथा होती, जेणेकरून राजकीय दबाव टळावा. जुलै २०२५ मध्ये तेथील काँग्रेसने आधीच मंजूर केलेले सुमारे १.१ अब्ज डॉलर काढून घेतले आणि १९६७ पासूनच्या त्या संस्थेने काम गुंडाळण्याची घोषणा केली. याची सर्वाधिक झळ, अनुदानावर अधिक अवलंबून असलेल्या ग्रामीण केंद्रांना बसली.

अनुदानाच्या विरोधकांचा एक युक्तिवाद मात्र गांभीर्याने घ्यायला हवा. जो पैसा देतो तो सूरही ठरवतो. मग सरकारी पैशावरचे प्रसारण निष्पक्ष कसे राहील? ही शंका रास्त आहे. पण तिचे उत्तर पैसा बंद करणे हे नाही. न्यायालयांचा आणि निवडणूक आयोगाचा खर्चही सरकारी तिजोरीतूनच होतो. तेथे आपण पैसा आणि आज्ञा यांच्यात कायद्याने अंतर ठेवतो. प्रसारणासाठीही निधी अनेक वर्षांसाठी सूत्रानुसार ठरावा, त्याचा हिशेब संसदेपुढे यावा आणि संपादकीय निर्णय मंत्रालयाबाहेर व्हावेत, ही त्रिसूत्री मला आवश्यक वाटते.

मित्रहो, उद्या आपल्यापैकी कोणी एखाद्या फायलीवर खर्चकपातीचा शेरा लिहिण्याच्या जागी असेल. लेखणी उचलण्यापूर्वी एवढेच विचारा की, ही सेवा बंद झाली तर तिची जागा बाजार कोणासाठी भरून काढील आणि कोणासाठी नाही. त्या दुसऱ्या गटातील माणसे मोजल्याशिवाय तो शेरा लिहू नका.