ज्युदोत मारणंही आहे
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत केलेलं भाषण)



मागच्या बैठकीत एका मावशींनी विचारलं, "पोरगी शाळेत ज्युदो शिकते. तिथं नुसतं धरून पाडतात. एसटीतून उतरून अंधारात चालत येते ती. कोणी अंगावर आला तर मारायचं कधी शिकवणार?" तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. आज देते.

ज्युदोत मारणं आहे. त्याला जपानीत 'आतेमी' म्हणतात. मूठ, तळहाताची कड, कोपर, गुडघा, टाच, सगळं वापरतात. पण स्पर्धेत ते चालत नाही. जिगोरो कानो या शिक्षकांनी १८८२ मध्ये टोकियोत ज्युदो सुरू केला. सरावात कोणाचा हातपाय मोडू नये म्हणून त्यांनी फटके फक्त 'काता'त ठेवले. काता म्हणजे कोण काय करणार हे आधी ठरवून केलेला जोडीचा सराव.

हे चीनमधून आलं का? जुनी दंतकथा आहे. नागासाकीचे अकियामा नावाचे वैद्य चीनला गेले, मारण्याचे प्रकार आणि बेशुद्धाला शुद्धीवर आणण्याची विद्या शिकून आले. पुढे हिवाळ्यात त्यांनी पाहिलं, बर्फाच्या भाराने बाकी झाडांच्या फांद्या मोडल्या. विलोची फांदी वाकली आणि बर्फ घसरून पडला. (आपलं पुरातलं लव्हाळं आठवा.) त्यावरून त्यांच्या शाळेचं नाव पडलं योशिन, विलोचं मन. कानो ज्या शाळेत शिकले ती याच परंपरेतली, फटक्यांसाठी नावाजलेली. स्वतः कानो मात्र म्हणायचे, ही विद्या मुळात जपानचीच.

मला दोन्ही थोडं थोडं पटतं. नाक आणि वरचा ओठ यांच्या मधल्या जागेला ज्युदोत 'जिन्चू' म्हणतात. चिनी वैद्यकात त्याच जागेला 'रेन्झोंग' म्हणतात, आणि लिहायची अक्षरं तीच दोन! बेशुद्ध माणसाला तिथंच दाबतात. म्हणजे मारायची जागा वैद्याच्या ओळखीची.

आता मावशी, तुमचं. १९४३ मध्ये ज्युदोच्या मुख्य संस्थेने, कोदोकानने, खास बायकांसाठी काता बांधला. मनगट धरलं, मागून कवळलं, तर कसं सुटायचं ते त्यात आहे. फटका असतो तो पकड ढिली करायला. पकड सुटली की पळायचं, थांबून हिशेब चुकता करायचा नाही.

पुढच्या पालकसभेला आपण चार-पाच जणी मिळून जाऊ आणि सरांना विचारू, स्पर्धेच्या तयारीबरोबर आठवड्यातून एक तास हे शिकवाल का? तोवर पोरीला एवढं सांगा, घरी भावावर करून बघू नको.