तळे राखील तो पाणी चाखील

(मंदिराच्या जीर्णोद्धार सोहळ्यात सभामंडपात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कळस चढला. वास्तुशांती झाली. वर्गणी देणाऱ्यांच्या नावांची शिळा भिंतीत बसली. अशा प्रसंगी देवळाविषयी बोलणे रीतीला धरून झाले असते. परंतु या देवळाकडे येणारा प्रत्येक भाविक तलावाच्या पाळीवरून चालत येतो, आणि पाळ ओलांडल्याशिवाय कोणालाही दर्शन घडत नाही. म्हणून आजचा विषय तलाव हा आहे.

झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या मुलखात, मारुती, महादेव किंवा माता मायचे ठाणे तलावाच्या पाळीवर असणे ही काही नवलाची गोष्ट नाही. पाळ ही गावातली उंच व पक्की जागा. शिवाय देव पाळीवर बसला की पाळीची माती उकरायला माणसाचा हात धजत नाही. ही जुन्या लोकांची श्रद्धा होती की हिकमत, याचा निवाडा करत बसण्याचे कारण नाही. दोन्ही एकदम असू शकतात. नवेगावबांधचे उदाहरण सर्वांना ठाऊकच आहे. दहा-अकरा चौरस किलोमीटर पसरलेला तो प्रचंड बांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे परंपरा सांगते. भोवतालच्या सात टेकड्या म्हणजे सात बहिणी, त्यांनी या कामी साहाय्य केले अशी कथा आहे. पुढे लोकांनी कोलू पाटलांनाच कोलासूर देव म्हणून पुजले. तळे बांधणाऱ्या माणसाला ज्या मुलखाने देवपण दिले, त्या मुलखात तळे आणि देऊळ हे दोन विषय वेगळे नाहीत.

गोंड राजांच्या अमदानीत, जो जंगल तोडून गाव वसवील त्याला ते गाव आणि जो तळे बांधील त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन, असा रिवाज होता असे जुने लोक सांगत. कोहळी समाज या कामात अग्रेसर होता. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्यप्रांतातील जातीजमातींवर मोठा ग्रंथ काढला, त्यातही कोहळ्यांची ओळख तळी बांधणारे व ऊस पिकवणारे अशीच दिली आहे. यंत्र नाही, सिमेंट नाही, नकाशा नाही. पावसाचे पाणी कोठून येते आणि कोठे अडेल हे पाहून दोन टेकाडांच्या मध्ये मातीची पाळ घालायची. पाणी सोडण्यासाठी पाळीत तुडूम ठेवायचे. जास्तीचे पाणी निघून जावे म्हणून एका अंगाला सलंग काढायचा. वरच्या तलावाच्या सलंगातून निघालेले पाणी खालच्या तलावात, त्याचे त्याखालच्या बोडीत, असा क्रम. या भागात वर्षाला बाराशे ते चौदाशे मिलिमीटर पाऊस पडतो खरा, पण बहुतेक सगळा चार महिन्यांत. आणि रोवणीनंतर पंधरा दिवस उघाड पडली की धान वाळतो. ते पंधरा दिवस निभावून नेण्यासाठी ही सारी उठाठेव होती. पूर्व विदर्भात आजही साडेसहा हजारांहून अधिक असे तलाव आहेत. सरकारी कागदात ते ‘माजी मालगुजारी तलाव’ आणि लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’. मामाच्या घरी हक्काने जावे, पोटभर खावे आणि परत येताना मामाचे छप्पर गळते की काय ते पाहू नये, अशीच आज या तलावांची गत झाली आहे.

हे कसे झाले?

इंग्रजांनी १८६० नंतरच्या जमाबंदीत गावच्या पाटला-मालगुजारांना मालकी हक्क दिले. मालगुजारी ही काही रामराज्य नव्हती. वेठबिगार होती, कर्ज होते, जुलूम होता, आणि तिच्या आठवणीने डोळे ओले करण्याचे कारण नाही. पण एक गोष्ट होती. पाळ फुटली तर मालगुजाराचेही धान बुडत होते, त्यामुळे रोहिण्यांच्या आत पाळीवर माती पडत होती आणि तलावातला गाळ गाड्या भरून शेतात जात होता. मध्यप्रदेश शासनाने १९५० साली मालगुजारी संपवणारा कायदा केला, तो १९५१ मध्ये अमलात आला, आणि तलाव सरकारजमा झाले. शेतकऱ्याचा निस्ताराचा हक्क राहिला. दुरुस्तीचे ओझे सरकारकडे गेले. जिल्हा परिषदा आल्यावर लहान तलाव त्यांच्याकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे, अशी वाटणी झाली. जुलमी मालक गेला हे उत्तम झाले. पण त्याच्या जागी गाव मालक व्हायला हवे होते, ते झाले नाही. हक्क गावात राहिला आणि कर्तव्य तालुक्याच्या कचेरीत जाऊन बसले. कचेरीत बसलेल्या कर्तव्याला पाळीवरची घूस दिसत नाही.

परिणाम डोळ्यांपुढे आहेत. गाळाने तळ वर आला. ज्या तलावात वैशाखातही गुरे बुडून पाणी पीत, तेथे होळीलाच चिखल दिसू लागला. उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या बुडाशी गाळपेर करण्याची परवानगी पूर्वीपासून असे, पण आता ती शेते कायमची झाली, त्यांना धुरे पडले, आणि पावसाळ्यात तलाव भरू लागला की तेच शेतकरी तुडूम उघडून पाणी सोडून देण्याचा आग्रह धरतात. तलावाच्या पोटात शेत आणि शेतासाठी तलाव रिकामा, असा हा उलटा न्याय. काठाने बेशरमाचे रान माजले. दिसायला जांभळे फूल, पण गुरे तोंड लावत नाहीत आणि मुळापासून उपटल्याशिवाय ते मरत नाही. नाव ठेवणाऱ्याने विचार करूनच ठेवले म्हणायचे.

दुसरी बाब घाणीची. पूर्वी तलावाच्या येव्यात जंगल आणि पडीत होती. तेथून येणारे पाणी पालापाचोळा घेऊन येई. आता वरच्या बाजूला धानाच्या बांध्या आहेत आणि त्यांतून धुऊन आलेले खत तलावात उतरते. खताने धान वाढतो तशी पाण्यातली जलकुंभी व शेवाळही वाढते. पाण्यावर हिरवी गादी पसरली की ऊन खाली जात नाही, खालच्या वनस्पती मरतात, कुजतात, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात. मग एखाद्या पहाटे मासे पोट वर करून तरंगताना दिसतात आणि गावात कोणी विष टाकले म्हणून भांडणे लागतात. विष टाकणारा एक माणूस क्वचितच असतो.

देवादिकांच्या नावाने होणारे नुकसानही सांगितले पाहिजे, आणि ते देवळात सांगणे अधिक बरे. पूर्वी कुंभार तलावाचीच चिकणमाती आणून मूर्ती घडवी. विसर्जन झाले की माती मातीला मिळे. आज प्लास्टर ऑफ पॅरिसच्या उंच मूर्ती येतात. ते प्लास्टर पाण्यात महिनोन् महिने विरघळत नाही, आणि रंगांतली शिसे-पाऱ्यासारखी द्रव्ये तळाशी बसतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० साली विसर्जनाविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, २०२० मध्ये त्या सुधारून अशा मूर्तींना मज्जाव केला. निर्माल्याचेही तेच. फुले कुजतात, पण ज्या प्लास्टिकच्या पिशवीतून ती येतात ती कुजत नाही. ज्या पाण्याने गाभारा धुतला जातो त्याच पाण्यात पिशवी भिरकावणे, याला भक्ती म्हणावे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे.

या साऱ्याचा सर्वांत मोठा फटका धीवर बांधवांना बसला. तलावात कमळ, कुमुदे, पाण्याखालची वनस्पती आणि काठाला पाणगवत असले तर मरळ, शिंगी, मागूर यांना अंडी घालायला व पिलांना लपायला जागा मिळते. गाळ, बेशरम आणि जलकुंभीने ती जागा गेली. अधिक उत्पादनाच्या आशेने ग्रास कार्पसारखे परदेशी मासे सोडले गेले. हा मासा पाण्यातले गवतच खातो. आफ्रिकन मागूर तर दुसऱ्या माशांनाच खातो. त्यावर २००० साली बंदी आली, तरी तो चोरून पाळला गेलाच. घर मोडून बिऱ्हाड वाढत नसते, हे मत्स्यव्यवसायातही खरे आहे.

पाण्याबरोबर पक्षीही जातात. कै. मारुती चितमपल्ली यांनी नवेगावबांधला वनाधिकारी म्हणून काढलेल्या दिवसांवर पुस्तक लिहिले, त्यांचे स्नेही माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारख्या जाणत्यांना तेथला पक्षी न् पक्षी ओळखता येई. सारस पक्षी महाराष्ट्रात आता मुख्यतः गोंदिया आणि थोडाफार भंडारा जिल्ह्यात उरला आहे, आणि त्याची एकूण संख्या पन्नासच्या आत आहे. तो धानाच्या बांधीत घरटे करतो आणि तलावाच्या उथळ काठाला चरतो. काठच राहिला नाही तर तो कोठे उतरणार?

शहरांतही याहून बरे नाही. चंद्रपूरच्या रामाळा तलावात सांडपाणी आणि जलकुंभी इतकी साचली की २०२१ साली नागरिकांना उपोषणाला बसावे लागले. नागपुरात २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभराहून अधिक मिलिमीटर पाऊस झाला, अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि खालच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या, माणसे दगावली. सलंगाच्या वाटेवर वस्ती झाली की पाणी आपली वाट विसरत नाही, ते वस्तीतूनच जाते. आज गावोगावी पाळीलगतच्या जागांना भाव येत आहे, रस्त्यासाठी येव्याचे नाले बुजवले जात आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

कोणी म्हणेल, यासाठी कायदे आहेत. आहेत, पण ते नीट वाचावे लागतात. पाणथळ जागांच्या संरक्षणासाठी केंद्राने २०१७ साली नियम केले, त्यांच्या व्याख्येतून सिंचनासाठी माणसाने बांधलेले तलाव वगळले आहेत. म्हणजे कोहळ्यांनी ज्या कारणासाठी तलाव बांधले, त्याच कारणामुळे ते त्या नियमांच्या बाहेर पडतात! दुसरीकडे, सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपालसिंग खटल्यात गावतळी व सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. आणि महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ यात विदर्भातल्या गावांसाठी एक जुने हत्यार अजून शाबूत आहे. त्याच्या कलम १६१ मध्ये निस्तार पत्रक आणि कलम १६५ मध्ये वाजिब-उल-अर्ज सांगितला आहे. गावात पाण्याचा, वाटेचा, मासेमारीचा वहिवाटीने चालत आलेला हक्क काय आहे, ते त्यात लिहिलेले असते. आपल्या गावचा हा कागद किती जणांनी पाहिला आहे? सातबारा प्रत्येकाच्या पेटीत असतो. वाजिब-उल-अर्ज कोणाच्याच नसतो.

निराश होण्याचे मात्र कारण नाही. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने धीवर समाजाच्या, विशेषतः महिलांच्या, साहाय्याने काही तलाव पुन्हा जिवंत केले आहेत. त्यात कोट्यवधींचे यंत्र नाही. उन्हाळ्यात बेशरम मुळासकट काढायचे, कोरड्या पडलेल्या बुडाची नांगरट करायची, आणि पावसाच्या तोंडावर दुसऱ्या चांगल्या तलावातून आणलेल्या देशी पाणवनस्पती धानाच्या पऱ्ह्यांसारख्या रोवायच्या. पाणवनस्पती धरल्या की गावठी मासे परततात, मासे परतले की पक्षी येतात. तण काढणे आणि रोवणी करणे ही दोन्ही कामे झाडीपट्टीतल्या बाईला कोणी शिकवावी लागत नाहीत.

या मंदिरासाठी घराघरातून वर्गणी निघाली, श्रमदान झाले, परगावी नोकरीला असलेल्यांनी पाकिटे पाठवली. मंदिराला जीर्णोद्धार एकदा केला की पिढीभर पुरतो. पाळीला तो दर वर्षी लागतो, आणि खर्च मात्र मंदिराच्या मानाने फार थोडा. म्हणून समितीपुढे व देणगीदारांपुढे चार गोष्टी ठेवण्यात येत आहेत. समितीकडे जी शिल्लक राहील तिचा एक भाग पाळीच्या नावे वेगळा ठेवावा, आणि त्याचा हिशेब देवळाच्या हिशेबाबरोबरच भिंतीवर लावावा. वाजिब-उल-अर्ज व निस्तार पत्रकाच्या नकलांसाठी तहसील कार्यालयात अर्ज करून ते कागद ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावेत, आणि तलावाची मोजणी करून हद्दीचे दगड बसवावेत. मोजणीच्या वेळी गाळपेर करणाऱ्यांनाही बोलवावे, कारण त्यांच्यातले बरेच भूमिहीन आहेत आणि त्यांना चोर ठरवून हा प्रश्न सुटणार नाही. गाळ काढण्यासाठी २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही शासनाची योजना आहे, तिची चौकशी ग्रामपंचायतीने करावी. मात्र बुडाशी खोल खड्डे पाडून मुरूम विकणाऱ्या ठेकेदाराला पाळीच्या जवळपास फिरकू देऊ नये, कारण पाळीच्या पायथ्याशी खोदले की पाळ झिरपू लागते.

राहिले निर्माल्य. देवळाच्या मागे, पाळीच्या कोरड्या अंगाला, विटांचा एक हौद बांधायला फारसा खर्च येणार नाही. फुले व पाने त्यात पडली तर वर्षाकाठी खत होईल, ते देवळाच्या बेलाला व पाळीवरच्या झाडांना घालता येईल. गणपती विसर्जनासाठी दुसरा मोठा हौद, तोही पाळीच्या खालच्या अंगाला. पहिल्या हौदाच्या विटा गावच्या भट्टीवरून आणता येतील, आणि काम मृग लागण्यापूर्वी उरकता येईल.