सहीची वेसण
(सानगडी, जि. भंडारा येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



विवाह करून परदेशी गेलेल्या स्त्रीला तेथे राहण्याचा हक्क कोणाच्या सहीने मिळतो, हा प्रश्न सानगडीच्या धानपट्ट्यात दूरचा वाटेल. तो तसा नाही.

१९८६ साली अमेरिकेने बनावट विवाहांना आळा घालण्यासाठी कायदा केला. नागरिकाशी विवाह होऊन दोन वर्षे झाली नसतील, तर जोडीदारास मिळणारा वास्तव्याचा हक्क सशर्त असतो. दोन वर्षांची मुदत संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत उभयतांनी संयुक्त अर्ज करावयाचा; तो न झाल्यास हक्क संपुष्टात येतो. कायद्याचे शब्द स्त्रीपुरुषांना सारखेच लागू आहेत. परंतु पैसा, घर आणि कागदपत्रे नवऱ्याच्या ताब्यात असतील, तेथे त्याची सही बायकोच्या नाकातील वेसण ठरते.

या कायद्याला आधार कोणता होता? तीस टक्के विवाह बनावट असल्याचे १९८५ साली सिनेटच्या उपसमितीपुढे सांगण्यात आले. हा आकडा सिद्ध झालेल्या फसवणुकीचा नसून अधिकाऱ्यांच्या संशयाचा होता, हे पुढे उघड झाले. संशय शासनाचा, त्याची किंमत मात्र मार खाणाऱ्या स्त्रियांनी मोजली. मारहाण वा क्रौर्य सोसणाऱ्या जोडीदारास त्या कारणावरून एकट्याने अर्ज करण्याची मुभा १९९० साली मिळाली. ब्रिटनने तर २०१२ साली परीक्षेचा काळ दोन वर्षांवरून पाच वर्षांवर नेला.

बनावट विवाह होतच नाहीत, असे नाही. त्यांची चौकशी शासनाने अवश्य करावी. पण त्यासाठी नवऱ्याला घरातला फौजदार नेमण्याचे कारण नाही.

आता गावाकडे पाहा. चिखलात उभी राहून रोवणी करणाऱ्या कितीतरी स्त्रियांचे नाव त्या बांधीच्या सातबाऱ्यावर नसते. ‘नीघ घराबाहेर’ हे शब्द ऐकण्यासाठी विमानात बसावे लागत नाही. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने, २००५ साली, घर कोणाच्याही नावे असो, त्यात राहण्याचा हक्क स्त्रीला दिला. हे कलम सतरावे किती घरांत ठाऊक आहे?

कार्यकर्त्यांचे काम येथूनच सुरू होते. परदेशातील स्थळ आले की पगाराआधी तेथील वास्तव्याच्या अटी विचारावयास शिकवावे. पारपत्र आणि विवाहनोंदणीच्या प्रती माहेरी ठेवावयास सांगावे. आणि गावातील प्रत्येक सुनेला कलम सतरा समजावून द्यावे. राहण्याचा हक्क माणसाचा असतो. तो दुसऱ्याच्या मर्जीवर टांगलेला असेल, तर त्या घरात समता नांदत नाही.