दगडाची धार आणि आपली मुले

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आज मी आपणांपुढे दगडाविषयी बोलणार आहे. इतिहासाच्या पुस्तकातील अश्मयुगाचा धडा मुले परीक्षेपुरता पाठ करतात आणि विसरतात. परंतु आपल्या वस्तीतल्या वर्कशॉपमध्ये लेथवर जे काम चालते, त्याचे मूळ त्याच धड्यात आहे.

आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरा नदीकाठी नेवासे हे गाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. सांकलिया यांनी १९५४ पासून तेथे उत्खनन केले. १९६० साली निघालेल्या त्याच्या अहवालावर सांकलिया व देव यांच्याबरोबर झेड. डी. अन्सारी यांचेही नाव आहे, हे आमच्या विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावे. नेवाशाला नदीच्या जुन्या गाळात लाखो वर्षांपूर्वीच्या दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्या. तेथल्याच पांढरीच्या टेकाडात तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची दगडी पाती मिळाली. या शेतकऱ्यांना तांबे ठाऊक होते; पण ते दुर्मिळ असल्यामुळे रोजच्या कापण्याचिरण्याला दगडच लागे.

हे पाते कसे काढीत? दगडावर दगड आपटला की पाते निघते, असे मुळीच नाही. दगडाच्या दोन बाजू जेथे मिळतात, तेथला कोन काटकोनापेक्षा लहान असावा लागतो. तसा तो नसेल, तर घाव फुकट जातो. म्हणून कारागीर आधी गारगोटीच्या जातीच्या दगडावर लांबट कणा तयार करी आणि मग त्या कण्याच्या रोखाने लांब, सरळ पाते काढी. म्हणजे पाते दगडातून निघण्यापूर्वी कारागिराच्या डोक्यात तयार असे.

आता लेथकडे या. टर्नर टूलला धार लावतो तेव्हा तोही कोनच पाहतो. कोन चुकला, तर टूल धातू कापत नाही, नुसते घासते. जुने लोक लहान लहान दगडी पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या मुठीत ओळीने बसवीत. एखादे पाते बोथट झाले, तर तेवढेच बदलीत. मूठ तीच राही. आजच्या कारखान्यात पोलादी दांड्यावर कार्बाइडचा छोटा तुकडा बसवतात आणि झिजला की तेवढाच बदलतात. दगड जाऊन कार्बाइड आले. युक्ती तीच राहिली.

पालकहो, आता मुद्द्याचे बोलतो. आपल्यात दोन प्रकार दिसतात. काही पालक मुलाला सातवी-आठवीतून काढून गॅरेजमध्ये उस्तादाच्या हाताखाली देतात. त्याचा हात तयार होतो. पण ड्रॉइंग वाचता येत नाही, कोनाचा हिशेब येत नाही. दुसऱ्याने आखलेले काम करण्यातच त्याची उमर जाते. दुसरे पालक स्वतः कारागीर असूनही मुलाने हत्याराला हात लावू नये म्हणतात. त्यांना हातकाम कमीपणाचे वाटते. हजरत दाऊद अलैहिस्सलाम चिलखते बनवीत आणि स्वतःच्या हाताच्या कमाईवर गुजराण करीत, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मग कमीपणा कसला?

नेवाशाच्या त्या कारागिराला अक्षर येत नव्हते. पण त्याच्या काळी जे ज्ञान होते, ते सगळे त्याच्या हातात होते. आज ते ज्ञान भूमितीच्या वहीत, विज्ञानाच्या पुस्तकात आणि ड्रॉइंगच्या कागदावर आहे. ते न देता मुलाच्या हातात नुसता पाना देणे म्हणजे त्याला अर्धेच हत्यार देणे होय.

म्हणून माझी विनंती एवढीच, की मुलगा असो वा मुलगी, दहावीपर्यंतची शाळा सुटू देऊ नका. त्यानंतर त्याला आय.टी.आय.ला घाला, डिप्लोमाला घाला किंवा कॉलेजात पाठवा. आणि विद्यार्थी मित्रांनो, सुटीत वडिलांच्या कामावर जाऊन बसा, कोन मोजा, का म्हणून विचारा.