ब्लॉक कोण देणार?

रविवारचा मेगाब्लॉक म्हटलं की आपल्या कपाळाला आठ्या पडतात. माझ्याही पडतात, आज दुपारच्या या व्याख्यानाला मी धापा टाकत पोहोचलो तो त्यामुळेच. तरी आज बाजू मांडणार आहे ती त्या ब्लॉकचीच. ब्लॉक म्हणजे दुरुस्तीसाठी रूळ काही तास गाड्यांपासून मोकळा ठेवणं. तो नसला की काय होतं, ते पाहा.

13 फेब्रुवारी 2023ची पहाट. नाशिक जिल्ह्यात लासलगावजवळ रुळांवर काम करणारे चार ट्रॅकमन टॉवर वॅगनखाली गेले. टॉवर वॅगन म्हणजे विजेच्या तारा दुरुस्त करणारी रेल्वेचीच गाडी. पुढच्या जानेवारीत, रात्रीच्या वेळी, सिग्नलचा बिघाड काढायला गेलेले तिघे वसई रोड आणि नायगावच्या मधे लोकलखाली सापडले.

चावीवाला रोज आपल्या हद्दीतला रूळ पायी तपासतो. पाना, हातोडा, लाल झेंडी, धोक्याचे फटाके, सगळं अंगावर. क्लिप सैल दिसली की वाकून ठोकायची. नजर खाली, कान मात्र मागे. समोरून गाडी आली की बाजूला व्हायचं, आणि नेमक्या तिच्याच खडखडाटात शेजारच्या रुळावरची दुसरी गाडी ऐकू येत नाही.

रेल्वे सुरक्षेवरच्या डॉ. अनिल काकोडकर समितीने 2012च्या अहवालात 2007-08 ते ऑक्टोबर 2011 या काळात कामावर दगावलेल्या रेल्वे कर्मचाऱ्यांचा आकडा दिला: सुमारे 1,600. सुरक्षेसाठी पाच वर्षांत एक लाख कोटी लागतील, असंही सांगितलं. 2017-18 मध्ये तेवढ्याच रकमेचा राष्ट्रीय रेल संरक्षा कोष उभा राहिला. त्यातून काय काय आलं? पाय चेपायची यंत्रं, कपबश्या, थंडीची जॅकेटं. हे मी नाही म्हणत, 2022चा ‘कॅग’चा अहवाल म्हणतो. हसा, हसण्यासारखंच आहे.

पण नुसता पैसा नीट वापरला तरी भागणार नाही. गाडी जवळ आल्याची सूचना देणारं ‘रक्षक’ यंत्र पैशाने येतं. रूळ मोकळा मिळणं पैशाने येत नाही, त्याला वेळ द्यावा लागतो. दोन तासांचा ब्लॉक मागावा, तर कंट्रोल रूम म्हणते, गाड्या आधीच लेट आहेत, पाऊण तासात आटपा. उरलेलं काम मग गाड्यांच्या मधल्या फटीत होतं. 2025-26 मध्ये रेल्वेच्या भांडवली कामांना केंद्राने सुमारे 2.52 लाख कोटी दिले. त्यावर बोलताना खासदार काय मागतात? नवा मार्ग, वंदे भारतचा थांबा. आमच्या विभागात किती तासांचा ब्लॉक मागितला आणि किती मिळाला, हे विचारण्यात मतं नसतात. उलट मिळालेला ब्लॉक रद्द करून दाखवला, तर टाळ्या पडतील. तुमच्या आणि माझ्याच.

माझी मागणी फार मोठी नाही. नव्या रुळांचे किलोमीटर जिथे छापता, तिथेच मागितलेल्या आणि मिळालेल्या ब्लॉकचे तासही छापा, विभागवार.

आता प्रश्न विचारा. माझी परतीची गाडी ब्लॉक उठल्याशिवाय सुटत नाही, तेव्हा घाई नाही.