जन्मतारीख विचारल्यावाचून मुहूर्त नको
(वार्षिक सभेत रुग्णालय प्रशासनाच्या वतीने केलेले निवेदन)



वर्षभराचा जमाखर्च आपण या अहवालात पाहालच. आज आम्ही अशा एका खर्चाविषयी बोलणार आहोत, जो करण्याची वेळच येऊ नये अशी आमची इच्छा आहे.

आमच्या प्रसूती विभागात अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या माताही येतात. या वयात शरीराची वाढ पूर्ण झालेली नसते. रक्तक्षय, रक्तदाब वाढून येणारे झटके, अडलेली प्रसूती आणि अडीच किलोहून कमी वजनाचे बाळ यांचा धोका अधिक असतो. अशा बाळाच्या उपचारांचा भार अनेकदा निर्धन रुग्ण निधीवर पडतो. धर्मादाय रुग्णालयांसाठीच्या योजनेनुसार एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम आम्ही या निधीत जमा करतो. उपचारांत हात आखडता घेण्याचा प्रश्नच नाही. परंतु मुलीची सुटलेली शाळा कोणत्याही निधीतून परत देता येत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह अठराव्या वर्षाआधी झाला होता. परभणी आणि बीड जिल्ह्यांत हे प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक होते. राज्यातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ७.६ टक्के मुली माता झालेल्या वा गर्भवती होत्या. आपल्याकडे अल्पवयीन मातृत्वाचे मूळ बहुतांशी बालविवाहात आहे.

त्यामागे केवळ अज्ञान नाही. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि मुकादमाकडून उचल कोयत्यावर मिळते. सहा-सहा महिने आई-वडील फडावर असताना वयात आलेली मुलगी कोणाच्या भरवशावर ठेवायची, ही चिंता खरी आहे. अशा घराला नुसता कायदा ऐकवून भागत नाही.

डॉक्टरांपर्यंत ही मुलगी सर्वांत शेवटी पोहोचते. मुहूर्त काढणारे गुरुजी, निकाह लावणारे काझी, विधी करणारे बौद्धाचार्य आणि चर्चमध्ये विवाहाची पूर्वघोषणा करणारे फादर यांना मात्र विवाहाआधीच कळते. म्हणूनच आम्ही धर्मस्थळांच्या दारी गेलो.

तेथे उपदेश करण्यापेक्षा ऐकून घेणे अधिक उपयोगी ठरले. एका गुरुजींनी स्पष्टच सांगितले की, आपण नकार दिला तर शेजारच्या गावचे गुरुजी येतात. यजमान तुटतो, लग्न मात्र टळत नाही. या बोलण्यात संपूर्ण प्रश्नाचे मर्म आहे. एकट्याचा नकार त्यालाच महागात पडतो. पंचक्रोशीतील सर्वांनी मिळून ठरविले, तरच त्या नकाराला वजन येते.

या निश्चयाला कायद्याचाही आधार आहे. बालविवाह प्रतिबंध कायदा, २००६ च्या कलम १० नुसार असा विवाह लावणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम आम्ही धाक म्हणून नव्हे, तर ढाल म्हणून पुढे ठेवतो. यजमानास दुखवायचे नसेल, तर 'कायद्याने माझे हात बांधलेले आहेत' असे नम्रपणे सांगता येते. मुलीचा जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला पाहिल्याशिवाय तारीख द्यायची नाही, एवढीच आमची विनंती आहे. मुलीसाठी १८ आणि मुलासाठी २१ वर्षे, ही मर्यादा सर्वांना सांगता येण्याजोगी आहे.

दुसरी विनंती अधिक नाजूक आहे. अल्पवयीन मुलगी गर्भवती असल्यास पोलिसांना कळविणे रुग्णालयास कायद्याने बंधनकारक आहे. त्या भीतीने काही घरे मुलीला तपासणीसच आणत नाहीत आणि तिचा जीव धोक्यात येतो. ती विवाहित असो वा नसो, तिला दोषी धरले जाणार नाही आणि तिचे उपचार कोणत्याही कागदासाठी थांबणार नाहीत, हे आमच्या तोंडून ऐकण्यापेक्षा सप्ताहातील कीर्तनकारांच्या वा शुक्रवारच्या नमाजानंतर इमामांच्या तोंडून लोकांना अधिक पटते. त्यांनी बोलवावे, आमचे डॉक्टर सोबत येतील.

आपल्यापैकी अनेकजण देवस्थानांचे विश्वस्त आहेत, जमातीच्या वा चर्चच्या समितीवर आहेत. आपल्या सभामंडपाची वा सभागृहाची नोंदणी वधू-वरांच्या वयाचा दाखला पाहूनच व्हावी, असा ठराव आपण आपल्या संस्थेत मांडावा. बालविवाह ठरल्याचे कानावर आल्यास १०९८ या क्रमांकावर कळवावे. ठरावाला पैसा लागत नाही. देणगीइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, मोल आम्ही त्याला देऊ.