दहिसर नदीच्या काठाने

मुंबईतली नदी दाखवा म्हटलं, की लोक पुलावरून खालच्या काळ्या पाण्याकडे बोट दाखवतात. पण दहिसर, पोईसर, ओशिवरा, मिठी या चारही नद्यांना पाणी येतं ते बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांतून. त्यांतली दहिसर निघते तुळशी तलावाजवळ, आणि जंगलात असेपर्यंत ती नितळ असते. तशी ती पाहायची, तर पायीच जायला हवं.

उद्यानात शिलोंडा नावाची पायवाट आहे. वनखात्याची परवानगी काढायची, माहीतगार सोबत घ्यायचा आणि सकाळी लवकर निघायचं. पाऊस संपल्यावरचे महिने मला त्यासाठी सर्वांत आवडतात. ओढ्यात पाणी असतं, आणि पाय घसरण्याची भीती कमी झालेली असते. ऐन, कळंब, कुडा, मधूनच कांडोळाचं पांढुरकं खोड. बोलणं थांबवलंत तर भृंगराज ऐकू येईल. तो इतर पक्ष्यांच्या इतक्या नकला करतो, की झाडावर थवा बसलाय असं वाटावं. इथे बिबटे राहतात. म्हणून एकट्याने जायचं नाही, अंधारापर्यंत रेंगाळायचं नाही.

उतारांवर कारवी दाटलेली दिसते. ती आठ वर्षांतून एकदा फुलते. २०१६ साली फुलली, मग २०२४ साली. फुलून बी धरलं की झुडूप मरतं. तिच्या वाळल्या काठ्यांवर शेणमाती लिंपून पाड्यांवरच्या घरांच्या कुडाच्या भिंती उभ्या राहत आल्या. पण कारवी जिवंत असताना जे करते, ते मला अधिक मोलाचं वाटतं. तिची मुळं उतारावरची माती धरून ठेवतात. वर पाचोळ्याचा थर असतो. पाऊस त्यात मुरतो आणि सावकाश पाझरत ओढ्याला येतो. म्हणून तर पाऊस थांबल्यावरही ओढा वाहत राहतो.

याच डोंगरात कान्हेरी आहे. शंभरावर लेणी, आणि जवळजवळ प्रत्येक विहाराशी कातळात खोदलेली पाण्याची पोढी. खडकावरून वाहणारं पाणी बारीक पन्हळींनी त्यांत वळवलेलं आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे लेख तिथे ब्राह्मीत आजही वाचता येतात. पाण्याची अशी काळजी दोन हजार वर्षांपूर्वी इथेच घेतली जात होती.

उद्यानाबाहेर पडताच दहिसर नदीत तबेल्यांचं शेण आणि वस्त्यांचं सांडपाणी मिसळतं, काठांना भिंती येतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा अशा आवळलेल्या नद्यांचं पाणी घराघरांत शिरलं. माझी विनंती एवढीच, की शिलोंड्याहून परतताना लगेच गाडी पकडू नका. दौलतनगरपर्यंत नदीच्या कडेने चालत या. मुलांना सोबत न्या. सकाळी पाहिलेलं पाणी तेच का, असं ती विचारतील. ‘हो, तेच’ असं त्यांना सांगा, आणि ते असं का झालं हा प्रश्न घेऊन महापालिकेच्या विभाग कार्यालयात जा.